दार उघडणारी बाई

ग्वाल्हेरात मराठी पद्धतीनं श्राद्ध करायचं असेल तर रघुनाथगुरुजींना पर्याय नाही. पूर्वी होता. आणखी दोन गुरुजी होते. त्यांतले एक मुलीकडे पुण्याला गेले, आणि दुसऱ्यांनी इव्हेंट मॅनेजमेंट सुरू केलं. ते आता फक्त लग्नं घेतात, ड्रोनसकट. उरले रघुनाथगुरुजी. त्यांच्याबरोबर ब्राह्मण म्हणून पाटावर जेवायला बसतात ते दोघे: बँकेतून निवृत्त झालेले पाध्ये, आणि दाना ओली नावाच्या गल्लीत बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवणारे मुळेसर. या तिघांखेरीज शहरातल्या मराठी पितरांना वर पोचवणारी यंत्रणा शिल्लक नाही.

हेच तिघे शहराच्या लष्कर भागातल्या ‘नक्षत्रगढ़ रसिक मंडळ, लष्कर’ या संस्थेचे अनुक्रमे अध्यक्ष, खजिनदार आणि तांत्रिक सल्लागार होते.

‘नक्षत्रगढ़’ हा हिंदी सिनेमा. सूर्यमालेच्या टोकाशी, अंतराळात तरंगणारा एक किल्ला, बाहेर शत्रूचा वेढा, आत मूठभर माणसं आणि एक किल्लेदार, जो दर अर्ध्या तासाला पडद्याकडे वळून म्हणतो, “दरवाज़ा नहीं खुलेगा.” आमचा स्वतःचा किल्ला इतिहासात किती वेळा कोणाकोणाच्या हाती गेला, हे इथे कोणी मोजत बसत नाही. त्यामुळे निदान एक किल्ला तरी पडत नाही म्हटल्यावर शहर हरखून गेलं. टेम्पोच्या मागे ते वाक्य आलं, टी-शर्टांवर आलं, एका सार्वजनिक शौचालयावरही आलं. त्यात तो सिनेमा लिहिणारा राघव हा आमच्याच हरिशंकरपुरमचा, निवृत्त संस्कृत शिक्षक गोपाळकृष्ण यांचा मुलगा. दुसऱ्या भागानंतर मंडळानं त्याचा सत्कारही केला. शाल, श्रीफळ, चंदनाचा हार, आणि मुळेसरांचं ‘हवेच्या दाबाबाबत काही सूचना’ या विषयावरचं भाषण.

गुरुजी आणि सिनेमा, हे जुळलं कसं असं बाहेरचे लोक विचारतात. त्यात नवल काही नाही. ज्या माणसानं आयुष्यभर एक स्वर इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याला पहिल्या भागात डाव्या गालावर असलेली जखम दुसऱ्या भागात उजव्या गालावर गेलेली लगेच दिसते. आणि तो ते विसरत नाही.

तिसरा भाग मागच्या शुक्रवारी लागला. त्यात किल्लेदारानं दार उघडलं.

लढून नव्हे, फसून नव्हे. शेवटच्या वीस मिनिटांत एक बाई येते, आधीच्या दोन भागांत जिचा मागमूस नाही अशी. ती किल्लेदाराच्या खांद्यावर हात ठेवते आणि म्हणते, दार उघड, जाऊ दे त्यांना. आणि तो उघडतो. आतली थकलेली माणसं एकेक करून उजेडात चालत जातात, आणि सिनेमा संपतो.

देशभर लोक भडकले. पोस्टरं फाडली गेली, तिकिटाचे पैसे परत मागितले गेले. पण सगळ्यात जास्त शिव्या त्या बाईला पडल्या. तिच्या तोंडावर फुल्या मारलेली चित्रं मोबाइलवर फिरू लागली. गद्दार, पनवती, डायन. राघवनं आपला फोन बंद करून ठेवला आणि वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी ग्वाल्हेरची गाडी धरली.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी ब्राह्मणांना घरी जाऊन निमंत्रण द्यावं लागतं. राघव गुरुजींच्या घरी जायला दाना ओलीत शिरला तेव्हा दुपार असूनही धुकं उतरलेलं नव्हतं. गल्लीत लोक ओळखीचे होते. कोणी सिनेमाबद्दल एक शब्द काढला नाही. पानवाल्यानं नमस्कार केला. शिंप्यानं मशीन थांबवलं आणि तो जाईपर्यंत पुन्हा सुरू केलं नाही.

“कधी आलास?” गुरुजींनी विचारलं.

“सकाळी.”

“थंडी फार पडून राहिली आहे. तुम्हा मुंबईवाल्यांना आदत नसते.”

चहा आला. समोरच्या भिंतीवर सत्काराच्या वेळचा राघवचा फोटो होता, चंदनाच्या हारासकट.

“हार अजून तसाच आहे,” राघव म्हणाला.

“चंदनाचा आहे. सुकत नाही, मग कशाला उतरवायचा?”

ते खरंच होतं. पण फोटोच्या काचेवर, राघवच्या कपाळाच्या जागी, गंधही होतं, आणि ते ओलं होतं.

“गुरुजी, उद्याचं निमंत्रण द्यायला आलो. पाध्येकाका आणि मुळेसर पण...”

“येतील ना. त्यांचा तर मलाच फोन आला होता, राघवचा निरोप आला का म्हणून. नाही कशाला म्हणतील? गोपाळकृष्ण आपला माणूस.” गुरुजींनी कप खाली ठेवला. “परतीचं तिकीट उद्याचं नाही ना?”

“परवाचं आहे.”

“छान. उद्या घाई नको.”

घरी वनमालाबाई, राघवची आई, वड्यांसाठी उडीद निवडत होती. गेल्या वर्षभरात ती वाळली होती आणि बोलणं कमी झालं होतं. तिने सिनेमे बघणं केव्हाच सोडलं होतं. मुलाचेही बघत नसे. तरी राघवनं घरी आल्या आल्या तिच्या मोबाइलचं इंटरनेट गुपचूप बंद करून टाकलं होतं.

“नेट चालत नाही रे सकाळपासून,” ती म्हणाली.

“धुक्यामुळे असेल.”

“असेल. तुझा सिनेमा चालतोय का पण?”

“चालतोय.”

“लोक काय म्हणतात?”

“लोक काय, म्हणतातच काहीतरी.”

त्याला भीती होती ती लोकांची नव्हती. मागच्या जानेवारीत गोपाळकृष्ण अठरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की आता जे चाललंय ते मशीन चालवतंय. घरच्यांनी काय ते ठरवा. राघवला ठरवता येईना. आणखी एक दिवस, आणखी एक दिवस, असं तो करत राहिला. शेवटी कॉरिडॉरमध्ये वनमालाबाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “दार उघड आता राघव. जाऊ दे त्यांना.” त्यानं सही केली. आणि पुढे महिन्याभरानं, तिसऱ्या भागाचा शेवट सुचेना तेव्हा, तेच वाक्य जसंच्या तसं किल्लेदाराच्या मागे उभ्या असलेल्या एका बाईच्या तोंडी घातलं. आयुष्यात इतकं खरं वाक्य आपण दुसरं लिहिलं नाही असं त्याला वाटलं होतं. आता अर्धा देश त्या बाईवर थुंकत होता. ती कोण आहे हे फक्त राघवला माहीत होतं, आणि ते आईला कळू नये एवढंच त्याला हवं होतं.

आईला हवं होतं ते वेगळंच. “उद्याचं नीट होऊ दे बाबा,” ती उडीद पाखडत म्हणाली. “ते तृप्त झाले असं एकदा कानावर पडलं की मी सुटले.”

दुसऱ्या दिवशी तिघे अगदी वेळेवर आले. राघवनं त्यांचे पाय धुतले. मुळेसर देवांच्या जागी बसले, पूर्वेकडे तोंड करून. पाध्ये उत्तरेकडे तोंड करून पितरांच्या जागी, म्हणजे गोपाळकृष्णांच्या जागी. गुरुजी मधे, पळीपंचपात्र घेऊन. मंत्र खणखणीत होते. एक अक्षर गाळलं नाही, एक दर्भ कमी पडला नाही. राघवला जरा बरं वाटू लागलं. माणसं रागावलेली असती तर इतकं मन लावून केलं असतं का, असा त्याचा हिशोब. हा हिशोब चुकीचा होता. ती माणसं रागावली म्हणूनच मन लावून करत होती.

पानं वाढली गेली. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. श्राद्धाला बसलेल्या ब्राह्मणांनी जेवताना बोलायचं नसतं, चांगलं-वाईट म्हणायचं नसतं, हवं-नको हातानं सांगायचं. दोघांनी ते कडकपणे पाळलं. पाध्ये सावकाश जेवले. जेवताना त्यांनी राघववरची नजर काढली नाही.

मग तो प्रश्न आला. जेवण संपत आलं की यजमानानं हात जोडून ब्राह्मणांना विचारायचं असतं, तृप्त झालात का. ब्राह्मणांनी म्हणायचं, झालो. ते म्हटल्याशिवाय शेवटचं पाणी हातावर पडत नाही, ब्राह्मण पाटावरून उठत नाहीत, पिंड होत नाहीत. हजारो वर्षांत या प्रश्नाला दुसरं उत्तर मिळाल्याचं ऐकिवात नाही.

“तृप्ताः स्थ?” राघवनं विचारलं.

पाध्ये गप्प.

राघवनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी दर्भाची गाठ सोडवत होते.

“तृप्ताः स्थ?” त्यानं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं.

“ऐकू गेलं त्यांना,” गुरुजी म्हणाले.

“खीर वाढू का आणखी?”

“सवाल खिरीचा नाहीये बेटा,” मुळेसर म्हणाले. देवांच्या जागी बसलेल्यानं बोलावं की नाही याबद्दल मतभेद आहेत. मुळेसरांनी ते आपल्या बाजूनं सोडवून घेतले होते.

“गुरुजी, सिनेमा वेगळा आणि श्राद्ध—”

“सिनेमाचं नाव आम्ही काढलं?” गुरुजींनी मुळेसरांना विचारलं. “तुम्ही काढलं?”

“मी तर नाही काढलं.”

“बघ. तूच काढलंस.” गुरुजींचा आवाज अजिबात चढला नव्हता. “आता हे पाध्ये नाहीत राघव. या पाटावर तुझे वडील आहेत. आणि ते तृप्त नाहीत. आम्ही काय करणार? खोटं बोलायला लावू त्यांना? तेही श्राद्धात?”

पाध्यांच्या बोटांवर भात वाळायला लागला होता. ते तसेच बसले होते, हात पानावर ठेवून.

“काय पाहिजे तुम्हाला?”

“आम्हाला काय पाहिजे!” मुळेसर म्हणाले. “आम्ही दार माफ केलं. ते दार आतल्या बाजूला उघडतं, आत हवा, बाहेर काही नाही, म्हणजे दारावर आतून किती दाब येईल? दहा हत्ती लावले तरी हलणार नाही. तू ते दोन बोटांनी उघडवलंस. माफ. किल्लेदार थकला म्हणतोस, चलो, माणूस आहे, थकतो, तेही माफ. पण ती बाई? ती कोण रे? कुठून आली? दोन भाग जिचा पत्ता नाही ती एकदम उगवते, ह्याच्या खांद्यावर हात ठेवते आणि म्हणते, दार उघड आता, जाऊ दे त्यांना! अरे, तू कोण सांगणारी? लढत होता ना तो? श्वास चालू होता ना?”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला.

“सर, हळू बोला,” राघव म्हणाला.

“का? मी गलत बोलतोय का?”

“गलत नाही,” गुरुजी म्हणाले. “मतलब साधी गोष्ट आहे. किल्ले आतून पडतात, बाहेरून नाही. आपल्यासारखं कोणाला माहीत? ज्यानं आतून दार उघडवलं तो आपला नसतो. चौथा भाग तूच लिहिणार आहेस, पेपरात आलंय. त्यात तेवढं येऊ दे, की ती बाई शत्रूची होती. शत्रूनंच पाठवलेली. झालं. किल्लेदारावरचा कलंक गेला, तुझाही गेला.”

“मी बघतो काय करता येईल ते.”

“बघतो नाही. प्रोड्यूसरला सांगतात बघतो म्हणून. हातात पाणी घे, संकल्प कर. पितरांसमोर सोडलेलं पाणी आहे, ते काही कॉन्ट्रॅक्ट नाही, वकील करून मोडायला.”

त्यांनी संकल्प रचून आणला होता. संस्कृत निर्दोष होतं, ग्वाल्हेर नगराचा, संवत्सराचा, तिथीचा उच्चार यथास्थित, आणि मग चौथा भाग. राघवला लहानपणी वडिलांनी संस्कृत शिकवलं होतं, त्यामुळे न कळण्याची सोय नव्हती. “सा स्त्री रिपोर्दूती.” ती बाई शत्रूची दूती.

एक वाक्य बोललं असतं तर तिघेही गप्प झाले असते. ती बाई माझी आई आहे. पण ते वाक्य या घरात, एका भिंतीच्या अंतरावर, बोलायचं कसं? ते टाळण्यासाठी तर तो आठ दिवस फोन बंद करून बसला होता.

“गुरुजी, हे माझ्याकडून नाही होणार.”

“नको करूस. जबरदस्ती आहे का काही?” गुरुजींनी खिडकीकडे पाहिलं. काच पांढरी होती. “अपराह्न संपत आला. धुक्यात कळत नाही, पण सूर्य आपलं काम करतोच. बुडाला की श्राद्ध राहिलं. मग पाध्ये असेच उठतील, उष्ट्या हातानं. आम्ही ते कधी पाहिलेलं नाही. पुढे काय होतं, ग्रंथात दिलेलं आहे. वाचून दाखवू?”

“पाध्येकाका, तुम्ही तरी बोला.”

पाध्यांनी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. या माणसानं चाळीस वर्षं नोटा मोजल्या होत्या, त्याला नाटक येत नव्हतं. हे दुःख खरं होतं आणि त्यामुळेच त्याच्याशी वाद घालता येत नव्हता.

दारात वनमालाबाई उभी होती. पदर डोक्यावरून घेतलेला, हाताला उडदाचं पीठ.

“राघव,” ती म्हणाली. “सोड पाणी.”

“आई, तुला माहीत नाही ते काय मागतायत.”

“सोड म्हणते ना. माणूस उष्ट्या हातानं बसलाय.”

“वहिनी, आम्हाला काय हौस आहे का,” गुरुजी म्हणाले.

“तुम्हाला मी काही म्हटलं का गुरुजी? सांगा त्याला काय म्हणायचं ते.”

“जानवं सव्य कर,” गुरुजी राघवला म्हणाले. “संकल्पाला सव्य लागतं.”

राघवनं जानवं डाव्या खांद्यावर घेतलं. तळहातावर पाणी आलं, गार, तीळ तरंगणारं. गुरुजी सांगत गेले, तो मागून म्हणत गेला. रिपोर्दूती म्हणताना त्याचा उच्चार अडखळला. गुरुजींनी ते पुन्हा म्हणायला लावलं. स्पष्ट. मग पाणी ताम्हनात पडलं.

“तृप्ताः स्थ?”

“तृप्ताः स्मः,” पाध्ये म्हणाले, आणि लांब श्वास सोडला. मुळेसरांनीही म्हटलं. “आता बरं वाटलं,” पाध्ये पुढे म्हणाले, “छातीवरचं उतरलं.” हे वाक्य श्राद्धाच्या पोथीत कुठे नाही. गुरुजींनी त्यांच्याकडे चमकून पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्या हातून पळी निसटली. पण त्यांनी ती उचलली आणि पुढचा मंत्र सुरू केला.

पिंड झाले, आशीर्वाद झाले, दक्षिणा झाली. निघताना तिघे मोकळेपणानं बोलत होते, लग्नघरातून निघावं तसे. “तू आपला पोरगा आहेस म्हणून बोललो,” मुळेसर राघवच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. “बाहेरच्याला कोण सांगतं?” मग फाटकाशी थांबून, आवाज खाली आणून, “झाशीला आपली माणसं आहेत. इंदूरला आहेत, उज्जैनला तर पुष्कळ. किल्लेदाराचं काम केलं त्या हिरोच्या वडिलांची तिथी कधी असते, ठाऊक आहे का तुला?”

“नाही.”

“कळेल,” मुळेसर म्हणाले. “तिथी काही लपत नाही.” आणि ते धुक्यात गेले. बराच वेळ त्यांचं बोलणं ऐकू येत राहिलं, पण माणसं दिसत नव्हती.

राघव आत आला. वनमालाबाईनं दोघांची पानं घेतली होती. दोघे समोरासमोर बसले. खीर गार झाली होती. तिने ती तशीच वाढली.

“जेव,” ती म्हणाली.

तो जेवू लागला. ती वड्याचे तुकडे करत राहिली.

“आई, तू सगळं ऐकलंस?”

“कान आहेत मला.”

“ते सिनेमातलं होतं. मी ते वाईट म्हणून नव्हतं लिहिलं, मी—”

“माहीत आहे.” तिने पाण्याचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. “त्यांचंही काही चुकलं नाही. श्वास चालू होता. वर्षभर मी स्वतःला तेच विचारत होते. त्यांनी ते मोठ्यानं विचारलं, एवढंच.”

“मी मोडीन तो संकल्प. काही होत नाही त्यानं.”

“मोडायचं नाही.” ती पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली. “तृप्त झालो म्हणाले ना ते? ते मी ऐकलंय. आता ते परत घ्यायचं नाही.”

राघवनं मान खाली घातली. तिने त्याच्या पानात आणखी एक वडा वाढला, नको म्हणायच्या आत.

“फक्त एक कर,” ती म्हणाली. “चौथ्या भागात त्या बाईला शिक्षा काय देणार आहेस, ते मला आधी सांग. थिएटरात कळायला नको.”